नस म्हणजे नक्की कोणती?

आधीच सांगून टाकते, माझा हात दुखत नव्हता. दुखला असता तर बरं झालं असतं. दुखणाऱ्या माणसाला आपल्याकडे निदान कोणी 'बस जरा' म्हणतं. बधिर झालेल्याला म्हणतात, "मग काय झालं? दुखत तर नाही ना?" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता कोणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. हे लिहायला बसलेय ते त्या सणकेतच.

मी सुजाता. डोंबिवली पूर्वेला राहते आणि कल्याणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. साध्या भाषेत सांगायचं तर लोकांचं रक्त काढते. घरच्यांचं पिते असं नवरा म्हणतो, ते सोडून द्या.

लोकांना वाटतं नस डोळ्यांनी शोधायची असते. डोळ्यांना दिसते ती वरवरची, बारीक, सुई बघून पळणारी. खरी नस बोटाने बघायची. दंडाला पट्टा आवळायचा, कोपराच्या खोबणीत बोट टेकवायचं, हलकं दाबायचं, सोडायचं. खाली काहीतरी रबरासारखं उसळतं. अंगाने भरलेल्या बायका, केमो घेणारे पेशंट, पाणी न पिणारी म्हातारी माणसं, सगळ्यांची नस मला एका बोटाने सापडायची. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाने. आणि नेमकं तेच बोट गेलं.

गोड माणसाला मुंग्या

सुरुवात मुंग्यांनी झाली. सकाळी उठले की अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं सुन्न असायची. हात झटकला की मुंग्या यायच्या आणि थोड्या वेळाने बरं वाटायचं. माझा नवरा मिलिंद म्हणाला, "हातावर झोपतेस तू." सासूबाई म्हणाल्या, "गॅस आहे. ओवा चाव." आमच्या घरात गॅस हा फार फिरस्ता प्राणी आहे. तो डोक्यापासून टाचेपर्यंत कुठेही मुक्काम करतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याला ओवाच लागतो.

मग मुंग्या दिवसाही यायला लागल्या. फोन कानाला धरला की, पोळ्या लाटल्या की, रिक्षाची दांडी धरली की. ब्लाउजचे हुक लागेनात. साडीची पिन हातातून कधी सुटायची ते जमिनीवर आवाज झाल्यावर समजायचं. झोपमोड तर रोजचीच. उठून हात झटकत बसायचं, पुन्हा आडवं व्हायचं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. वर्षानुवर्षांचे डॉक्टर, हाताला गुण असलेले. म्हणाले, "मुंग्या येतात? मग तुम्ही फार गोड असणार. साखर तपासून घ्या." स्वतःच हसले. मिलिंदही हसला. साखर मी आमच्याच लॅबमध्ये तपासली, अगदी नॉर्मल निघाली. मग डॉक्टर म्हणाले, "मग सर्व्हायकल." मानेचा एक्स-रे काढला आणि त्यात मणके थोडे झिजलेले दिसले. दिसणारच की! पंचेचाळिशीच्या बाईच्या मानेत झीज सापडणं म्हणजे डोंबिवलीच्या जुन्या बिल्डिंगमध्ये ओल सापडण्यासारखं आहे. पण एक्स-रे मिळाला म्हणजे निदान मिळालं. गळ्यात पट्टा आला आणि मी तो घालून मान ताठ करून लोकांचं रक्त काढत राहिले. पेशंट मला विचारायचे, "ताई, तुम्हाला काय झालंय?"

पट्ट्याने काही फरक पडेना म्हणून परत गेलो, तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे नाही, मिलिंदकडे बघून विचारलं, "यांना घरी काही टेन्शन आहे का? हे वय तसं असतं बायकांचं."

मिलिंद म्हणाला, "घरी तर सगळं ठीक आहे."

मी दोघांच्या मध्ये बसले होते. मीच म्हणाले, "डॉक्टर, माझं बोट बधिर झालंय. मी नाही."

ते गडबडले, पण मग समजावणीच्या सुरात विचारलं, "दुखतंय का?"

"नाही."

"मग घाबरू नका. दुखायला लागलं की या. नस दबलीय, बाकी काही नाही. गोळ्या चालू ठेवा."

नस दबलीय. कोणती, कुठे, कशाने, काही नाही. हे दोन शब्द घेऊन आम्ही घरी आलो. पुढचं सगळं रामायण त्यातल्या पहिल्या शब्दाने केलं.

काउंटर

पण त्याआधी लॅबमध्ये जे झालं ते सांगते. एक आजोबा नेमाने यायचे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे सारखी तपासणी लागायची. त्यांच्या नसा म्हणजे जुन्या झालेल्या सुताच्या दोऱ्या, पण माझ्याकडे कधी दुसऱ्यांदा टोचायची वेळ आली नव्हती. त्या दिवशी मी पट्टा बांधला, बोट ठेवलं आणि खाली काहीच नव्हतं. म्हणजे नस असणारच, मलाच ती समजत नव्हती. अंदाजाने टोचलं, चुकलं. पुन्हा टोचलं, पुन्हा चुकलं. आजोबा म्हणाले, "होतं गं पोरी, घे परत." त्यांच्या त्या चांगुलपणाने मला जास्त लाज वाटली. शेवटी माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या प्रणालीने दुसऱ्या हातातून रक्त काढलं. पुढच्या वेळी आजोबा आले तेव्हा त्यांच्या कोपरापासून मनगटापर्यंत जांभळं झालेलं होतं.

आमचे लॅबवाले सर, स्वतः डॉक्टर, सभ्य आहेत, ओरडले नाहीत. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "सुजाता मॅडम, थोडे दिवस तुम्ही काउंटरवर बसा. आराम पडेल हाताला." मी बसले. नाव काय, वय काय, उपाशी आलात का, रिपोर्ट संध्याकाळी मिळेल. काउंटरचं काम हलकं नाही, पण ते माझं नाही. पडद्यापलीकडे माझी खुर्ची होती आणि आत कोणी "आई गं" म्हणालं की माझं बोट आपोआप टेबलावर दाबलं जायचं. थोडे दिवस लांबत गेले. बोट परत आलं नाही तर मी कायमची 'उपाशी आलात का' विचारणारी बाई होणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

देवधरम नाही, शास्त्र

आमचं घर बौद्ध आहे. दाराला लिंबू-मिरची नाही, कुणाच्या गळ्यात गंडा नाही, उपास नाहीत, बुवा नाही. सासूबाई दर रविवारी पांढरी साडी नेसून विहारात जातात आणि शेजारणीने अंगाऱ्याची पुडी दिली तर तिथल्या तिथे तिला दोन शब्द ऐकवतात. त्यांचा मला या बाबतीत अभिमानच आहे. पण याच अभिमानाने आमचा घात केला.

नस दबलीय म्हटल्यावर सासूबाईंनी विहारात चार बायकांना विचारलं आणि टिटवाळ्याच्या एका मामांचा पत्ता आणला. मामा नस बसवतात. चढलेली उतरवतात, दबलेली मोकळी करतात. मी म्हटलं, "आई, मी नाही येणार. आपण असलं मानतो का?"

"असलं म्हणजे कसलं?" त्या तडकल्या. "तिथं ना अगरबत्ती, ना नारळ, ना कुठला फोटो. मी स्वतः विचारलंय. देवधरम असता तर मीच उंबरा चढले नसते. हे नसेचं शास्त्र आहे, सुजाता."

हीच ती आमची खास चूक. पुडीत अंगारा असला तर आम्ही लांबून ओळखतो. अंगारा नसला की आम्हाला ते शास्त्र वाटतं. ज्याच्या खोलीत देव नाही तो माणूस खरंच बोलत असणार, असं धरून चालणारं आमच्यासारखं दुसरं भोळं कोणी नसेल.

मी गेले. का गेले, हे लोक मला अजून विचारतात. लॅबमध्ये काम करणारी बाई तू, तुला अक्कल नव्हती का? होती. पण तोवर माझ्या डॉक्टरांनी मान तपासली होती, एक्स-रे उजेडात धरला होता, नवऱ्याला प्रश्न विचारले होते. माझा हात कोणी हातात घेतला नव्हता. मामांनी पहिल्याच मिनिटाला घेतला. त्याचं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

नव्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर गाळा होता. मामांच्या अंगात पांढरा कोट, भिंतीवर हाडांच्या सापळ्याचा चार्ट. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं, "बघ, चार्ट आहे." मामांनी माझं मनगट चाचपलं आणि म्हणाले, "नस चढलीय. खालची वर बसलीय. तिला जागेवर आणायला लागेल." मग तेल लावून अंगठ्याने मनगटाच्या मधोमध असं दाबलं की मी किंचाळले. सासूबाई समोरून म्हणाल्या, "सोस जरा. मोकळी होतेय." त्यांनी मनगट पिळलं, कडकन आवाज काढला आणि हात आतल्या बाजूला मुडपून त्याच्यावर घट्ट पट्टी गुंडाळली. "उद्यापर्यंत सोडायची नाही."

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा हात सुजून आलेला. आग आग होत होती. मनात आलं, चला, आता तरी दुखतंय, डॉक्टर ऐकतील. पण सूज उतरली आणि आगही गेली. मुंग्याही गेल्या. सासूबाईंचा चेहरा खुलला, "बघ, गुण आला की नाही?" मलाही क्षणभर तसंच वाटलं. त्याच संध्याकाळी मी भाकरी उलटत होते आणि मला जळल्याचा वास आला. भाकरी चांगली होती. माझं बोट तव्याला टेकलेलं होतं. मला वासावरून कळलं की मी भाजतेय.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते लिहायला नको, पण लिहिते, कारण असल्या आजारात हेही होतंच. मिलिंद त्याच्या आईवर ओरडला. मी मिलिंदवर ओरडले, की तू डॉक्टरसमोर तोंड उघडलं असतंस तर ही वेळ आली नसती. सासूबाई म्हणाल्या, "मी चांगल्यासाठीच केलं," आणि आत जाऊन बसल्या. आठवडाभर आम्ही तिघं एका घरात तीन भाडेकरूंसारखे राहिलो. मी बोटाला मलम लावायचे आणि प्रत्येक वेळी घाबरायचे, कारण मलम थंड आहे की नाही तेसुद्धा त्या बोटाला समजत नव्हतं.

आता तो शब्द. मी रक्त काढते ती नस म्हणजे रक्तवाहिनी. डॉक्टर म्हणाले ती नस म्हणजे मेंदूकडे जाणारी, जिच्यामुळे आपल्याला स्पर्श समजतो ती. मामांनी अंगठ्याखाली धरली ती देवाला, नाही, त्यांच्या चार्टलाच माहीत. स्नायूची दोरी असेल. तीन वेगळ्या गोष्टी आणि मराठीत शब्द एकच. खरं तर आपल्याकडे 'मज्जातंतू' असा स्वच्छ शब्द आहे, पण त्यात मज्जा असल्यामुळे बहुतेक कोणी तो गंभीरपणे घेत नाही. डॉक्टरांनी 'मनगटातला मज्जातंतू' एवढं म्हटलं असतं तर माझा हात टिटवाळ्याला गेला नसता. पण पेशंटला समजेल असं बोलायचं म्हणून ते नस म्हणाले, आणि पेशंटच्या घरच्यांना जे समजायचं तेच समजलं. यात पेशंट अडाणी कसा हो?

अर्धं बोट

प्रणालीच्या आईच्या हाताचं ऑपरेशन ठाण्यात माजिवड्याला झालं होतं. तिने मला त्या हाताच्या सर्जन मॅडमचं नाव दिलं. मिलिंद सुट्टी टाकून सोबत आला. सासूबाई "मी येऊ का?" म्हणाल्या. मी नको म्हटलं. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमधून आम्ही दोघंच गेलो.

मॅडमनी मला समोर बसवलं, दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले आणि आधी नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अंगठ्याच्या बुडाशी डाव्या हाताला उंचवटा आहे ना? तो उजव्याला बघा." उजव्याला खळगा होता. रोज दिसणारा माझा हात, पण मी तो असा कधी पाहिला नव्हता. मॅडमनी मला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाच्या बोळ्याने एकेक बोट शिवायला लागल्या. करंगळी समजली. अनामिकेची करंगळीकडची बाजू समजली. मधल्या बोटाकडची नाही. एकाच बोटाचा अर्धा भाग जिवंत आणि अर्धा मेलेला. मॅडम म्हणाल्या, "झालं. हे मानेचं दुखणं नाही, मनगटाचं आहे. मनगटात एक बोगदा असतो, त्यातून हा मज्जातंतू जातो. बोगदा अरुंद झालाय आणि तो चेपला गेलाय."

त्यांनी मज्जातंतू म्हटलं! मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

मिलिंदने विचारलं, "मॅडम, हिला बरं वाटेल ना?"

"मी त्यांच्याशी बोलतेय," मॅडम म्हणाल्या. रागाने नाही, पण म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सुरुवातीला आला असतात तर रात्री मनगटाला सरळ ठेवणारी पट्टी, फार तर एक इंजेक्शन, एवढ्यावर भागलं असतं. आता ऑपरेशन करावं लागेल. त्याने पुढचं नुकसान थांबेल. गेलेलं किती परत येईल, ते मी आज सांगू शकत नाही."

करंटची तपासणी झाली. हातात बारीक बारीक झटके देऊन तंतू किती वाहतोय ते बघतात. रिपोर्टही तेच म्हणाला. रक्ताच्या तपासण्यांमध्ये थायरॉइडही थोडा बिघडलेला निघाला. त्यानेही हे होऊ शकतं म्हणे. ती तपासणी आधी कोणालाच सुचली नव्हती. सगळे मुंग्यांवरून साखरेकडेच गेले होते.

बाहेर आल्यावर मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसले आणि रडले. भीतीने कमी, रागाने जास्त. कापसाचा एक बोळा! त्याच्यासाठी कुठलं मशीन लागत नाही, मोठं हॉस्पिटल लागत नाही. तो बोळा माझ्या डॉक्टरांच्या टेबलावरच्या बरणीत होता. माझ्या स्वतःच्या लॅबमध्ये तर पोत्याने असतो. मिलिंद शेजारी बसला. म्हणाला, "सुजा, त्या दिवशी मी हसायला नको होतं." मी म्हटलं, "हो, नकोच होतं." त्याला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं बळ माझ्यात नव्हतं.

ऑपरेशनचा दिवस

लोक घाबरतात म्हणून सांगते, ऑपरेशन लहान असतं. सकाळी भरती आणि संध्याकाळी घरी. फक्त हातच बधिर करतात, आपण जागे असतो. वॉर्डमध्ये हिरवा गाऊन दिला आणि मग तासन्‌तास नुसतं पडून राहायचं. वॉर्डातल्या मावशींनी माझे मोकळे केस बघितले आणि न विचारता पाठीमागे बसून घट्ट वेणी घातली. "हात बांधल्यावर कोण घालनार?" एवढंच म्हणाल्या. किती तरी दिवसांत मी केस फक्त क्लिपमध्ये अडकवत होते. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्या आलं.

आत भुलीचे डॉक्टर म्हणाले, "आता हात बधिर करतोय हं."

मी म्हटलं, "अर्धं काम आधीच झालंय."

सगळे हसले आणि मीही हसले. या वेळचा विनोद माझा होता. पडद्यापलीकडे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. मॅडम मधूनच सांगत होत्या, आता बोगद्याचं छत उघडलं, आता तंतू मोकळा झाला, चपटा झालाय पण रंग बरा आहे. मोकळा झाला हे शब्द ऐकताना मला मामांचा अंगठा आठवला.

ऑपरेशननंतर मी सलग झोपले. हात झटकायला उठावं लागलं नाही. ज्यांना हा आजार आहे त्यांना ही केवढी मोठी गोष्ट आहे ते समजेल.

ओळख

अंगठा आधी परत आला, मग मधलं बोट. परत येताना दुखलं, चावे घेत आलं, पण आलं. नस शोधणारं बोट मात्र अडून बसलं. सगळं मोज्यातून शिवल्यासारखं. मॅडमनी व्यायाम सांगितला होता. डोळे मिटून धान्यात बोटं घालायची आणि काय लागतं ते ओळखायचं. मी जेवणाच्या टेबलावर वाडगं घेऊन बसायचे. एकदा डोळे उघडले तर सासूबाई समोर. त्यांनी तांदळात वाल, मूग, राजमा लपवले होते.

"ओळख," त्या म्हणाल्या.

आमच्यात त्या विषयावर एक शब्दही झाला नव्हता. झालं ते एवढंच. रोज संध्याकाळी त्या वाडग्यात काहीतरी नवीन लपवायच्या आणि मी चुकले की "नाय, परत" म्हणायच्या. वाल ओळखायला लागले. मूग नाही. मूग अजूनही नाही, त्या बोटाने.

मग मी डाव्या हाताने नस बघायला लागले. मिलिंदच्या दंडाला पट्टा बांधायचा, डावं मधलं बोट कोपरात ठेवायचं, डोळे मिटायचे. "ही बघ, ही," तो म्हणायचा. "तू सांगू नकोस, गप्प बस," मी म्हणायचे.

ज्यांना होतंय त्यांच्यासाठी

अंगठा आणि शेजारची दोन-अडीच बोटं बधिर होत असतील, रात्री जास्त होत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, वस्तू हातातून सुटत असतील, तर दुखायची वाट बघू नका. हात बधिर व्हायची कारणं पुष्कळ आहेत. मान आहे, साखर आहे, थायरॉइड आहे, बी-बारा कमी असणं आहे. कोणतं ते तपासणाऱ्याने ठरवायचं, पण हात हातात घेऊन. घेत नसेल तर मागा, "डॉक्टर, माझा हात बघा." नस दबलीय म्हणाले तर विचारा, कोणती आणि कुठे. लाजू नका. आणि हात एकदम गेला, तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, तर हा माझा आजार नाही. तेव्हा वाचत बसू नका, ओवाही चावू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलमध्ये पळा.

आणि घरच्यांनो, "दुखत नाही ना?" हा प्रश्न कृपा करून बंद करा.

हात माझा

मी कामावर परत गेले ती काउंटरवरच. सर म्हणाले, "तुम्ही इथे छान सांभाळता. इथेच राहा ना आता. रिस्क कशाला?" गोड बोलत होते. रिस्कचं त्यांचं खोटं नव्हतं. आजोबांचा जांभळा हात मीही विसरले नव्हते. पण एकदा बघा तरी, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "बघू." हे बघू कसलं असतं ते नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

एका सकाळी सासूबाई लॅबमध्ये आल्या. मला न सांगता, डोंबिवलीहून एकट्या. थायरॉइड, साखर, जे काय असेल ते करून घ्यायचं म्हणाल्या. मी काउंटरवर त्यांचं नाव घातलं, वय विचारलं, उपाशी आलात का विचारलं. "हो बाई, उपाशी आले," असं म्हणून त्या आत गेल्या.

प्रणालीने टोचलं आणि तिला नस मिळाली नाही. मला बाहेर ऐकू आलं. प्रणाली सॉरी म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "तुझा दोष नाय गं. माझी नस खोल आहे. माझ्या सुनेला बोलाव."

सर केबिनमधून आले. "काकू, त्यांचा हात अजून पूर्ण बरा नाही. थांबा, मी घेतो."

"डॉक्टर, हात माझा आहे," सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. शेजारणीला अंगाऱ्यावरून ऐकवतात त्याच आवाजात. "टोचून मला घ्यायचंय. तर माझं ऐका."

बाकावर बसलेली सगळी माणसं पडद्याकडे बघायला लागली. मी उठून आत गेले. माझं डोकं तापलं होतं, त्यांच्यावर, सरांवर, सगळ्यांवर. मी हळू आवाजात म्हटलं, "आई, मला उजव्याने अजून समजत नाही. सगळ्यांसमोर कशाला?"

त्यांनी बाही दंडापर्यंत वर केली. "मग डाव्याने बघ. तुझा हात मी त्या टिटवाळ्याच्या माणसाच्या हातात दिला. आता माझा तू घे."

मी पट्टा आवळला. डाव्या हाताचं मधलं बोट त्यांच्या कोपरात ठेवलं आणि डोळे मिटले. काही नाही. जरा आतल्या बाजूला सरकले. काही नाही. सासूबाई एकदाही हलल्या नाहीत. मग अगदी खोलवर, आडवी, गुळगुळीत, काहीतरी उसळलं. मी सोडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा उसळलं. डोळे उघडले, उजव्या हाताने सुई धरली आणि टोचलं.

नळीत रक्त चढायला लागलं. नळी भरली तशी पट्टा सोडला, सुई काढली, कापूस दाबला आणि त्यांचा हात कोपरात मुडपून ठेवला. सर पडद्याशी उभे होते. काउंटरवरचा फोन वाजत होता, तो वाजू दिला. मी माझ्या खुर्चीवर बसले आणि बाहेर हाक मारली, "पुढचे कोण आहेत? आत या."